जिन्यावरचं पातेलं

त्या दोन जावांमधून विस्तव जात नव्हता. पातेलं मात्र रोज जायचं.

घराचा जिना मधे वळायचा आणि त्या वळणावर एक रुंद पायरी होती. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून मोठी जाऊ त्या पायरीपर्यंत उतरायची, झाकलेलं पातेलं ठेवायची, एकदा खणखणीत खाकरायची आणि आल्या पावली परत जायची. वरचं दार लागल्याचा आवाज झाला की खालच्या मजल्यावरची धाकटी बाहेर यायची आणि पातेलं उचलायची. एकमेकींची सावलीसुद्धा एकमेकींना दिसू नये अशी ती कवायत. शेजारची शिंपीण सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, “सीमेवर कैद्यांची अदलाबदल करतात ना, तसलं चाललंय. फक्त कैदी केळ्याखजुराचे.”

ते खरंच होतं. पातेल्यात असायचे ओट्स, कुस्करलेली केळी, किसलेलं सफरचंद, बारीक चिरलेला खजूर, मनुका, बदामाचा भरड चुरा, दालचिनी, थोडंसं तेल आणि नखावर मावेल एवढं मीठ. साखरेचा कण नाही, लोण्याचा वास नाही. हे सगळं रात्रभर मुरायचं. सकाळी उठल्या उठल्या धाकटी त्याचे चपटे गोळे करून ओव्हनमध्ये भाजायची. मोठीच्या वाटणीच्या गरम कुकीज त्याच पातेल्यात घालून, वर ताटली झाकून, पातेलं पुन्हा पायरीवर. मग खाकरायची पाळी धाकटीची.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी चालला होता तो धाकटीचा नवरा. घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून गल्लीत त्याचं नाव घड्याळजी. लोकांची घड्याळं चालू ठेवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं छातीतलं घड्याळ एकदा दुकानातच अडखळलं. डॉक्टरांनी सकाळच्या चहाबरोबरची लोण्याची बिस्किटं बंद केली, तेव्हा गडी असा रुसून बसला की जणू जप्तीच आली. “नुसता चहा प्यायचा? मग आजारीच काय वाईट होतो?” असं म्हणून त्याने न्याहारीच सोडली.

बायकोने समजूत घातली, ओरडून पाहिलं. पण त्याला खरं वळण लावलं ते वहिनीने. मोठी लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दीर शाळेत जात होता. त्याचे केस विंचरले ते तिने, गणितं सोडवून घेतली ती तिने, आणि बोटात काटा गेला तर बोंब ऐकली तीही तिनेच. तिने कुठूनसं विचारून ही कृती जमवली. पण ओव्हन होता खाली, धाकटीच्या स्वयंपाकघरात. मग घड्याळजीच वकील झाला. “अगं, वहिनी म्हणतात, मिश्रण मी करीन, भाजणारी भाजेल.” आणि वर जाऊन, “वहिनी, ती म्हणते, भाजणारीला भाजायचं शिकवू नका, मिश्रण पाठवा.” दोन्हीकडचं तिखटमीठ गाळून निरोप पोचवता पोचवता त्याची न्याहारी सुरू झाली आणि पातेल्याची ये-जाही.

आता गंमत बघा. ही मोठी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. कानाला यंत्र, हातात तारा. साऱ्या शहराला एकमेकांशी बोलतं करणारी बाई. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, हे लग्नघराच्या आधी तिला ठाऊक. आणि घरी आल्यावर सख्ख्या जावेशी अबोला! लोक त्याची कारणं हवी तशी सांगत. कुणी म्हणे भांडण गच्चीवरून, कुणी म्हणे सासूच्या बांगड्यांवरून. शिंपिणीकडे तर दर पावसाळ्याला नवीन कारण शिवून तयार असायचं.

खरं कारण होतं एक कोट.

धाकटी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढायची. बाकीच्या बायका धुवायच्या, इस्त्री करायच्या. पण शाई, गंज, रक्त, फळांचा रस असलं काही आलं की कपडा हिच्या टेबलावर. डाग पुढून घासायचा नाही, घासला की वण राहतो. कपडा उलटा करायचा, खाली टिपकागद घालायचा आणि मागून, थेंब थेंब औषध सोडत, डाग हळूच पलीकडे ढकलून द्यायचा. हे झालं हाताचं काम. जिभेचा नियम वेगळाच होता: गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की डागाचा विषय काढायचा नाही. कोटावरची लाली कुणाची, हे कोट जाणे. आपण कपडा असा द्यायचा की जणू डाग कधी नव्हताच.

मोठीचा नवरा गेला, तेव्हा त्याचा एक करडा कोट खुंटीवर राहिला. त्याच्या वरच्या खिशावर शाईचा मोठा डाग होता. मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा हा गृहस्थ कचेरीत काहीतरी लिहीत होता. टोपण न लावताच पेन खिशात खुपसून धावत सुटला. त्या डागावरून मोठीने जन्मभर त्याला बोलून घेतलं. “माणसं पेढे घेऊन येतात, हे शाई घेऊन आले!” तो गेल्यावर महिनाभराने धाकटीला वाटलं, जाऊबाई रोज त्या कोटाकडे बघतात, निदान तो नीट तरी दिसू दे. तिने गुपचूप तो दुकानात नेला. आयुष्यात केलं नसेल असं काम केलं. शाई गेली. तेलाचा वास गेला, तंबाखूचा गेला, माणसाचा गेला. इस्त्री करून, कागद घालून, कोट परत खुंटीवर.

मोठीने तो पाहिला. खिशावर बोट फिरवलं. कोटात नाक खुपसलं. मग धाकटीकडे न बघता एवढंच म्हणाली, “तू माझं घर पुसलंस.” त्या दिवसापासून अबोला. धाकटीने माफी मागायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण दाराशी जाऊन उभी राहायची आणि तशीच परत फिरायची. आपण नक्की काय चुकलो हेच तिला पुरतं कळलं नव्हतं. चांगलंच तर केलं होतं!

अशी बरीच वर्षं गेली. धाकटीला आता पातेलं हीच जाऊबाईंची खबर झाली होती. खजूर जाड चिरलेला असला की बोटं दुखतायत. दालचिनी जास्त पडली की मुलाचा फोन आलेला असणार, स्वारी खुशीत आहे. झाकणावर फडक्याची गाठ घट्ट असली की आज काहीतरी बिनसलंय. बोलणाऱ्या जावांना एकमेकींचं एवढं कळत नसेल.

म्हणूनच पहिली चूक तिला लगेच कळली. थंडी नुकतीच पडू लागली होती. झाकण काढलं तर मिश्रण कोरडं, केळंच नव्हतं. झालं असेल घाईत, म्हणून तिने स्वतःचं केळं कुस्करून घातलं. काही दिवसांनी मीठ दोनदा. मग एकदा खजूर बियांसकट. मग दालचिनीच्या जागी मिरपूड. मग एकदा सफरचंद किसलेलं नव्हतंच. अख्खं, धुतलेलं, ओट्सच्या मधोमध ठेवलेलं होतं, घरट्यात अंडं ठेवावं तसं.

त्या सकाळी धाकटी ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिली. हसू आलं नाही. जी बाई डोळे झाकून शहरातले सगळे नंबर जोडायची, तिच्या हातातून तारा सुटू लागल्या होत्या.

आणि मग धाकटीने तेच केलं जे तिला येत होतं. कपडा उलटा केला. तिने खजुराचा डबा, केळी, ओट्सची पिशवी असं सगळं स्वतःच्या कपाटात साड्यांमागे दडवून ठेवलं आणि रोज सकाळी पातेल्यातली चूक मागच्या मागे निस्तरू लागली. खारट झालं तर अर्धं काढून टाकायचं, नवीन भिजवायचं. बिया वेचायच्या. मिरपूड पडली तर सगळंच नव्याने. पायरीवर पातेलं जायचं ते नेहमीच्याच चवीचं, नेहमीच्याच रंगाचं. डाग कधी नव्हताच.

घड्याळजीला एकदा कपाटात खजूर सापडला. “अगं, चोरून खातेस होय? मला सांगितलं असतं तर मीही आलो असतो की चोरीला!”

“तोंड धुवा आणि दुकानाला चला,” ती म्हणाली. त्यालासुद्धा तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मुलाला बोलला असता आणि मुलगा आईला घेऊन गेला असता. दूरच्या शहरात, सातव्या मजल्यावर, जिना नसलेल्या घरात. मग संध्याकाळी पायरीवर कोण खाकरणार?

मुलाला फोनवरून शंका आलीच होती. आई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते म्हणून तो डॉक्टरांकडे जायचा आग्रह करू लागला. मोठीने त्याला उडवून लावलं. ते सगळं घड्याळजीने खाली येऊन कौतुकाने सांगितलं. “वहिनींचं डोकं अजून खणखणीत आहे हं! म्हणाल्या, ‘भाऊजी, मलासुद्धा मधूनमधून धास्ती वाटते, खोटं कशाला बोलू. पण रोज सकाळी मी कुकी खाते आणि बघते. सगळं मापात. माझ्या हाताने केलेलं आहे ना ते? जिचं डोकं फिरलंय तिच्या हातून असं होईल का?’ काय बिनतोड मुद्दा आहे!”

धाकटीच्या हातातली बशी ओट्यावर जरा जोरात टेकली. “काय झालं?” त्याने विचारलं. “काही नाही. निसटली.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मोठी हरवली. दुपारी घराबाहेर पडली ती संध्याकाळ झाली तरी परतली नाही. घड्याळजी दुकान उघडं टाकून धावला. शेवटी एका फर्निचरच्या दुकानाच्या रखवालदाराचा फोन आला. त्या इमारतीत पूर्वी टेलिफोन एक्स्चेंज होतं. मोठी तिथल्या विकाऊ टेबलाशी, विकाऊ खुर्चीत ताठ बसली होती आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारत होती, “कोणता नंबर हवाय?” वाटेत कुठेतरी मोठा रस्ता ओलांडताना पडली होती, कोपर सोललेलं होतं, एका पायात चप्पल नव्हती. मोटारी थांबल्या म्हणून बरं, असं रखवालदार म्हणाला.

मुलगा दुसऱ्याच दिवशी येऊन थडकला. वरच्या मजल्यावरचं बोलणं जिन्यातून खाली ऐकू येत होतं आणि धाकटी कपड्यांच्या घड्या घालण्याचं निमित्त करून जिन्याशी उभी होती. चोरून ऐकणं वाईट, पण जिथे बोलणंच नाही तिथे माणसाने दुसरं करावं तरी काय?

“आई, फक्त एकदा दाखवून येऊ. औषधं असतात, आधी सुरू केली तर उपयोग होतो.”

“जुनी ऑफिसची जागा बघायला गेले होते. जरा बसले. त्यात काय झालं?”

“एक चप्पल कुठे गेली?”

“चपलेला विचार.”

“आई!”

“हे बघ, उद्या सकाळी खाली चल न्याहारीला. माझ्या हातच्या कुकीज खा आणि मग सांग तुझी आई वेडी झालीय ते. त्यात एक जरी गोष्ट चुकली ना, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन. नाही चुकली, तर हा विषय बंद. कायमचा.”

खाली धाकटीच्या हातातली घडी विस्कटली.

त्या संध्याकाळी मोठी नेहमीसारखी खाकरली. सकाळी धाकटीने झाकण काढलं. केळं होतं, सफरचंद होतं, खजूर होता, बियासुद्धा काढलेल्या होत्या. बाईने जिवाचं रान करून केलं होतं. धाकटीला क्षणभर आनंद झाला. मग तिने बोट बुडवून जिभेला लावलं. मीठ. चिमूट नव्हे, मूठ. बहुधा घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं, आणि पुन्हा.

कपाटात सगळं तयार होतं. मंडळी उठायच्या आत नवीन मिश्रण सहज झालं असतं. तिने केळं सोललंही. आणि सोललेलं केळं हातात धरून ती तशीच थांबली.

एक कुकी चांगली झाली की विषय बंद, कायमचा. मग जाऊबाई या घरातच राहतील, संध्याकाळी खाकरतील. आणि एक दिवस रस्ता ओलांडतील तेव्हा मोटारी थांबणार नाहीत. तिला तो कोट आठवला. इस्त्री केलेला, कोरा. त्या डागात जाऊबाईंचा नवरा होता. या मिठात खुद्द जाऊबाई होत्या. आणि आपण दोन्ही वेळा, कुणाला न विचारता, मागच्या बाजूने...

तिने केळं बाजूला ठेवलं. मिश्रणाला बोटही न लावता गोळे केले आणि ओव्हनमध्ये सरकवले.

अबोला सुरू झाल्यापासून मोठीने खालच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी ती मुलाचा हात धरून आली, भिंतीकडे तोंड करून बसली. ताट मधे आलं. घड्याळजीने सवयीने हात घातला, तशी धाकटीने त्याच्या हातावर चापट मारली. “तुम्ही नाही.”

“अगं पण—”

“तुम्ही नाही म्हटलं ना.”

मोठीने कुकी उचलली. विजयी मुद्रेने मुलाकडे पाहिलं आणि घास घेतला. एकदा चावली. थांबली. मुलानेही घास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. तो धाकटीकडे वळला. “काकू, मीठ जास्त झालंय का भाजताना?” बिचाऱ्याने आईला सांभाळायचा प्रयत्न केला.

धाकटी काही बोलली नाही. मोठीने घास गिळला. पाणी प्यायली नाही. एक्स्चेंजमध्ये, म्हणे, तिला तारेच्या आवाजावरून कळायचं की पलीकडे कुणी फोन उचलून गप्प उभं आहे. तशी ती त्या शांततेकडे कान लावून बसली.

“भाजताना कुणी मीठ घालत नाही,” ती म्हणाली. मग मान वळवली. धाकटीकडे नव्हे, ओव्हनकडे. “हिला विचार, केव्हापासून?”

ओव्हन काय विचारणार! धाकटीने जीभ ओठांवरून फिरवली. “थंडी पडली तेव्हापासून, जाऊबाई.”

“रोज?”

“आधी कधीमधी. आता रोज.”

“आणि रोज पुसलंस.”

“हो.”

घड्याळजी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. या घरात त्याच्या वकिलीशिवाय पहिल्यांदाच खटला चालला होता.

“कोटासारखंच,” मोठी म्हणाली.

“कोटासारखंच. आज नाही पुसलं.” धाकटी म्हणाली. “चुकलं माझं. तेव्हाचंही.”

मोठीने उरलेली अर्धी कुकी उचलली आणि मुकाट्याने संपवली, सगळी, खारट. मग मुलाला म्हणाली, “चप्पल आण. दोन्ही आण. जाऊ तुझ्या डॉक्टरकडे.”

डॉक्टरांनी सांगितलं ते कुणाला नवीन नव्हतं. औषधं सुरू झाली. त्यामुळे घसरण थोडी सावकाश झाली, थांबली नाही. मुलगा तिला न्यायला निघाला तेव्हा धाकटी जिन्याच्या त्या रुंद पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, “माझ्यावरून जावं लागेल.” चेष्टेत म्हणाली असं मुलाला वाटलं. बराच वेळ झाला तरी उठली नाही, तेव्हा त्याने बॅगा खाली ठेवल्या. मोठीचं सामान वरून खाली आलं, आतल्या खोलीत. कोटही आला.

आता पातेल्याला जिना चढावा-उतरावा लागत नाही. सकाळी दोघी ओट्यापाशी शेजारी शेजारी उभ्या असतात. मोठीला आता मुलाचं नाव लगेच आठवत नाही. घड्याळजीला ती कधी भाऊजी म्हणते, कधी गणितं झाली का विचारते. आणि तोही झाली म्हणतो. सगळं गेलं, एक गोष्ट मात्र पक्की राहिली. या बाईशी आपण बोलत नाही. कारण आठवत नाही, पण बोलत नाही म्हणजे नाही! त्यामुळे सगळा संवाद ओव्हनशी.

“सांग तिला, केळं अजून पिकलेलं नाही.”

“सांग त्यांना, चालतंय. आणि मीठ घातलंय एकदा, पुन्हा घालू नका.”

“सांग तिला, मला शिकवू नकोस.”

आणि मोठी पुन्हा घालतेच. खारट झाल्या तर तशाच भाजल्या जातात. घड्याळजीच्या चार वेगळ्या, बाकीच्या त्या दोघींच्या. धाकटी समोर बसून खाते. तिने खाल्ल्याशिवाय मोठी खात नाही, हे आता शिंपिणीलाही ठाऊक झालंय आणि यावर तिला नवीन काही शिवायला जमलेलं नाही.

परवा काळी द्राक्षं आणली होती. कुस्करता कुस्करता मोठीचा तोल गेला आणि तिने धाकटीचा दंड घट्ट धरला. पांढऱ्या बाहीवर पाच बोटं उमटली, जांभळी. धाकटीचा दुसरा हात सवयीने ओल्या फडक्याकडे गेला. मग तिने फडकं तिथेच राहू दिलं आणि त्याच हाताने जाऊबाईंना सावरून खुर्चीत बसवलं.

कामावर ती तशीच गेली. मालक चष्म्यावरून बघत राहिला. “बाई, साऱ्या गावाचे डाग काढता आणि स्वतःच्या बाहीवर हा मिरवताय? द्या इकडे, मी काढतो.”

“हात लावायचा नाही,” धाकटी म्हणाली. “आमच्या जाऊबाईंचा आहे.” आणि टेबलावरचा पुढचा कपडा तिने उलटा केला.